मुलांच्या मिठाचा हिशेब

जगातील मिठाचा वापर 2025 पर्यंत 30 टक्क्यांनी घटवावा, असे 2013 साली ठरले होते. जग त्या वाटेवर नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्वतःच सांगितले. प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. मुलांची मर्यादा त्यांच्या उष्मांकांच्या गरजेप्रमाणे त्याहूनही कमी. पण आमची मुले खातात किती? आईला विचारावे तर ती भाजीत घातलेले मीठ सांगेल. पाव, मिनची पाकिटे, शाळेबाहेरचे गातो पिमां आणि रुगायमधली खारी मासळी यांचा हिशेब कोण ठेवतो?

तो हिशेब लघवी ठेवते. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे 90 टक्के लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून 24 तासांची सारी लघवी जमविणे ही खात्रीची रीत मानली जाते. मात्र शाळकरी पोराने दिवसभर बाटली घेऊन हिंडावे, एकदाही विसरू नये, ही अपेक्षा जराशी भाबडीच. यातूनच, एका वेळच्या नमुन्यावरून दिवसाचा अंदाज बांधण्याची सूत्रे पुढे आली. कावासाकी (1993) आणि तानाका (2002) ही त्यांतील प्रसिद्ध नावे.

आमची शंका येथेच आहे. ही सूत्रे जपानी प्रौढांवर बेतलेली आहेत. त्यांचा आधार क्रिएटिनिन, आणि ते स्नायूंतून येते. सहा वर्षांच्या पोराचे स्नायू ते किती, आणि तेही वाढते! शिवाय अशा सूत्रांत कमी मीठ खाणाऱ्याचा आकडा फुगतो, फार खाणाऱ्याचा आटतो. म्हणजे ज्याची काळजी करावी तेच मूल ठीक दिसते. पोटॅशियमचे गणित तर अधिकच सैल. ब्रेद, डाळ, केळी यांतून ते मिळते, पण त्याचा बराच भाग शौचावाटे जातो.

पुष्कळ मुलांची सरासरी काढण्यास असा नमुना उपयोगी पडेल, पण एका मुलाच्या नावाची चिठ्ठी त्यावरून पालकांच्या हाती देऊ नये. आधी आपल्या शाळांतील काही मुलांची पूर्ण दिवसाची लघवी जमवून सूत्र पडताळावे. रविवारी सकाळची पहिली लघवी टाकावी, सोमवारी सकाळची पहिली धरावी. मूल घरीच असते. रविवारची खारी मासळी आकडा चढवील खरी, म्हणून शाळेचाही एक दिवस घ्यावा, बाटलीचा त्रास सोसून.