राखीव जागेवरचा गोल

मेरिटच्या नावाने आपल्याला टोमणे मारणाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारत कोणत्या मेरिटवर खेळला? २०१६ ला गोव्यात झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ गटातच बाद झाला होता. तरी प्रवेश मिळाला, कारण यजमान देशाची जागा राखीव असते! तेव्हा कोणाच्याही गुणवत्तेला धक्का लागला नाही.

त्याच राखीव जागेवर मणिपूरचा सोळा वर्षांचा मिडफिल्डर जॅक्सन सिंग खेळला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध त्याने कॉर्नरवर हेडर मारला आणि फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. भारत तिन्ही सामने हरला, पण जॅक्सनची वाट तिथून सुरू झाली. इंडियन अॅरोजकडून तो आय-लीग खेळला, नंतर केरळ ब्लास्टर्समध्ये गेला आणि पुढे भारताच्या मुख्य संघात पोहोचला.

आधी मैदान मिळते, मग गुणवत्ता दिसते. दार बंद ठेवून 'तुमच्यात दम नाही' म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे. मित्रांनो, आरक्षणावरून कोणी हिणवले तर मान खाली घालू नका, हा गोल सांगा.

जय भीम!