ट्यूनरचा गंडा

परवा संध्याकाळी पुतण्या आमच्या सात रस्त्याजवळच्या घरी आला. हातात कागदी टार्गेटांची घडी, तोंड उतरलेलं. "काका, ट्यूनर बिघडला बघा."

बिघडायला त्यात असतंच काय? रायफलीच्या बॅरलच्या तोंडाशी बसवलेलं एक वजन, मागेपुढे सरकणारं. बस्स.

एका अनुभवी गृहस्थांनी त्याला सांगितलं होतं : पाच गोळ्या मार, ग्रुप बघ, दोन खुणा फिरव, परत पाच मार. पोरानं तेच केलं. एका खुणेवर सुंदर ग्रुप आला, जवळजवळ एकाच भोकात. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर चाळणी! मग परत फिरवाफिरवी.

स्पष्टच सांगतो, कुणाला राग आला तरी चालेल. हे ट्यूनिंग नव्हे, हा गंडा बांधण्याचा प्रकार आहे. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानंही लहान येतो. वीस खुणांवर पाच-पाच मारल्या तर एखादा येणारच की!

ट्यूनर थोतांड आहे असं मी म्हणत नाही. बार उडाला की बॅरल थरथरते, तिचं तोंड वरखाली होतं. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरनं सुटते. एखादी 5 मीटरनं हळू निघाली तर 50 मीटरवर जवळपास 4 मिलिमीटर खाली लागते. आणि दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं. वजन नेमक्या जागी असेल तर ही हळू गोळी, उशिरा बाहेर पडते म्हणूनच, तोंड किंचित वर गेलेलं असताना सुटते आणि फरक बराचसा भरून निघतो. पण हे जोखायचं तर आधी रायफलीला मानवणारा गोळ्यांचा लॉट शोधा. मग त्याच लॉटच्या गोळ्या, टेकूवर ठेवून, दर खुणेला निदान चार-पाच ग्रुप, तेही वेगवेगळ्या दिवशी. बघायचा तो उभा फैलाव. गोळ्या महाग आहेत, कबूल. म्हणून तर पाच-पाचची उधळपट्टी खुपते.

मीही एकेकाळी हेच केलंय. दोन डबे संपल्यावर कळलं, दोष ट्रिगरवरच्या बोटाचा होता. असो.

खरं नुकसान पैशाचं नाहीच. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 मारले. साठ गोळ्यांत तीनच गुण गेले! नऊ लागलं की आधी रायफलीवर संशय घेणारा पोरगा तिथवर कसा जाणार? सात रस्त्यावर उभं राहून प्रत्येक रस्त्यानं चार पावलं जायचं आणि परत फिरायचं, तर स्टेशन कधी यायचं?

मी ट्यूनरवर नेलपॉलिशची खूण केली. म्हटलं, तीन महिने हात लावायचा नाही. "बरं" म्हणाला. पण खिशातली ॲलन की काही त्यानं माझ्याकडे दिली नाही.