जुन्या वीजबिलांच्या वसुलीसाठी दारात येणाऱ्यांना जाहीर इशारा

आमच्या वस्तीत जुन्या वीजबिलांच्या वसुलीसाठी जी माणसे दारोदार फिरत आहेत, त्यांना आणि त्यांना पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांना हे जाहीर सांगणे आहे. वापरलेल्या विजेचे पैसे आम्ही भरणार. पण यापुढे ते हिशोब पाहून आणि झेपेल अशा हप्त्यांनीच भरू. दमदाटीला एक रुपयाही मिळणार नाही.

‘आत्ताच्या आत्ता निम्मे भरा, नाहीतर मीटर काढून नेतो’ ही भाषा बंद करा. भरदुपारी घरात एकटी म्हातारी पाहून तिला अशी धमकी देता, याची लाज वाटली पाहिजे. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 56 तुम्हाला आमच्याहून चांगले माहीत असायला हवे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेवर वाद असेल, तर मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने महिन्यागणिक निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरली, की वाद मिटेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. आणि जी रक्कम देय होऊन दोन वर्षे उलटली, पण बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवलीच नाही, तिच्यासाठी तर तोडताच येत नाही. दिवाणी न्यायालयात जायचे असेल तर जरूर जा. तिथेही हिशोब मांडावाच लागेल.

तोच हिशोब आम्ही आधी मागतो आहोत. प्रत्येक थकबाकीदाराला त्याचा खाते उतारा द्या. रीडिंग कोणत्या महिन्याचे, सरासरी बिल कोणत्या महिन्याचे, मूळ रक्कम किती आणि व्याज व दंड किती, हे त्यात वेगवेगळे दिसले पाहिजे. कुलूपबंद खोलीवर महिनोन्महिने सरासरी बिले लावून फुगवलेला आकडा आम्ही थकबाकी मानणार नाही.

मग हप्ता. धुणीभांडी करणारी बाई किंवा रोजावर जाणारा गडी महिन्याचे चालू बिल भरून जे बाजूला काढू शकेल, तेवढाच त्याचा हप्ता. त्याहून मोठा बांधून घेतलात तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो चुकतो, त्याच्यापायी चालू बिलही थकते आणि पुन्हा तुमची माणसे पोलवर चढतात. यात तुमचीही वसुली होत नाही. सवलत देता येत नाही, हेही सांगू नका. महावितरणच्या 2024 च्या अभय योजनेत वीज कायमची तोडलेल्या ग्राहकांचे व्याज आणि विलंब आकार माफ झाले होते. मूळ थकबाकीच्या 30 टक्के भरून उरलेली रक्कम सहा बिनव्याजी हप्त्यांत फेडता येत होती. कायमची वीज गेलेल्यांना हे मिळू शकते, तर ज्यांचे मीटर अजून चालू आहे त्यांनी काय पाप केले?

वस्तीतल्या सर्वांनाही बजावतो. दारात आलेल्याच्या हातात रोख पैसे देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. पैसे कार्यालयाच्या खिडकीवर किंवा ऑनलाइन भरा आणि पावती जपून ठेवा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही अथवा अंगठा करू नका. तोंडी ठरलेला हप्ता पुढचा साहेब मानत नाही, म्हणून तो सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आता मुदत. कायदा ग्राहकाला पंधरा दिवस देतो, तेवढेच आम्ही तुम्हाला देतो. आजपासून पंधरा दिवसांत खाते उतारे द्या, हप्त्यांच्या अर्जांवर लेखी उत्तर द्या आणि तोवर एकही जोडणी तोडू नका. हे झाले नाही, तर सोळाव्या दिवशी प्रत्येक घराची तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाईल. तिथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपालांकडे जाऊ. नोटिशीशिवाय वीज तोडल्यास भरपाई मागू आणि बायाबापड्यांना धमकावणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत लेखी तक्रार देऊ.

हप्त्यांचे अर्ज कार्यालयात दाखल झाले आहेत आणि त्यांची पोच आमच्याजवळ आहे.