जुनी सीडी सोबत न्या

एका भगिनीचे पत्र आहे. अम्मीचे रक्त सारखे कमी होते म्हणून कोलोनोस्कोपी केली. पण दुर्बीण वळणापुढे जाईना, कळा असह्य झाल्या आणि तपासणी अर्ध्यावर थांबली. आता पुन्हा करायचे म्हटले की अम्मी हात जोडतात. मूतखड्यासाठी काढलेला पोटाचा जुना सीटी स्कॅन घरात आहे, तो कामी येईल का?

येईल, चांगलाच येईल. आणि अम्मींना समजवा, पण तपासणी सोडू नका. रक्त कमी होण्याचे कारण कधी कधी आतड्याच्या उजव्या भागात असते, आणि तोच पाहायचा राहिला आहे.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याचे दोन्ही बाजूंचे उभे भाग पोटाच्या मागच्या भिंतीला धरून असतात. मधला आडवा आणि खालचा नागमोडी भाग मात्र झोळीसारखा सैल. दुर्बीण तिथे वेटोळे घालते, आतडे ताणले जाते. कळ येते ती या ताणाची. कुणाचे वळण किती लांब, हे बाहेरून कसे कळणार? सीटीत ते दिसते. आडवा भाग ओटीपोटात उतरला आहे का, हर्नियात आतडे शिरले आहे का, हेही दिसते. मग डॉक्टर बारीक दुर्बीण घेतात, हवेऐवजी पाणी सोडत पुढे जातात, पोट कुठे दाबायचे, कूस कधी बदलायची हे ठरवतात. भुलीचाही विचार आधीच होतो.

नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. त्यात मूतखड्याचे लिहिलेले असते, आतड्याच्या वळणांचे सहसा नाही. सीडी किंवा फिल्मच द्या. सोबत अर्धवट कोलोनोस्कोपीचा रिपोर्टही न्या. दुर्बीण कुठे अडली ते त्यावरून कळते. सोनोग्राफीचा इथे फारसा उपयोग नाही, आतड्यातली हवा आड येते. गर्भपिशवी काढली असेल तर तेही सांगा. आपल्या बायका हे सांगायला लाजतात, आणि ऑपरेशननंतर आत आतडी चिकटलेली असली तरी स्कॅनमध्ये ती बहुधा दिसत नाहीत.

केवळ यासाठी नवा सीटी मात्र काढून घेऊ नका, विनाकारण किरणे कशाला? पुन्हा अडलेच, तर आतड्याची खास सीटी तपासणी असते, सीटी कोलोनोग्राफी. पोट आधीच साफ झालेले असते, म्हणून ती त्याच दिवशी होईल का, हे आधी विचारून ठेवा. तीत गाठ दिसते, पण काढता येत नाही.

सीडी तपासणीच्या सकाळी नव्हे, तारीख घ्यायला जाल तेव्हाच डॉक्टरांच्या हाती द्या.