मार्कंडेयेचा काठ मोकळा करा

राकसकोपच्या जलाशयाचे पाणी बेळगाव शहर पिते. पण ज्या मार्कंडेय नदीचे ते पाणी, तिच्या काठाने चार पावले निर्वेधपणे चालण्याची सोय या शहराने आजवर केलेली नाही. खानापूर तालुक्यातील बैलूरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी उचगाव, आंबेवाडी, मण्णूर, कंग्राळी, काकती, होनगा, कडोली अशा गावांच्या शिवारांतून वाहत जाऊन गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. उशापायथ्याशी असलेली ही नदी आमच्या तरुण पिढीला दिसते ती महामार्गाच्या पुलावरून, धावत्या गाडीतून, क्षणभर! या नदीच्या काठाने पादचाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी एक अखंड वाट असावी, ही मागणी आम्ही आज नागरिकांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

हे हौशी लोकांचे खूळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांनी सकाळच्या प्रहरी काकतीच्या महामार्गावर उभे राहून पाहावे. होनगा व काकतीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारा मजूर, शाळा-कॉलेजात जाणारी मुले, बाजाराला निघालेली शेतकरीण या सर्वांस अवजड मालमोटारींच्या शेजारून जीव मुठीत धरून जावे लागते. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार. म्हणजे दर पाच मृतांमागे एकाहून अधिक असा, की जो कोणतेही यंत्र चालवीत नव्हता. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हे तत्त्व राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच मान्य केले. त्यास दोन दशके होत आली. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली, तेव्हा आम्हांस केवढा आनंद झाला होता! परंतु ज्या शहराच्या वेशीबाहेर पडताच सायकलस्वारास वाली उरत नाही, त्याच्या शहाणपणाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे.

या मागणीस खरा आक्षेप आहे तो नदीकाठच्या शेतकऱ्याचा, आणि तो आम्ही अत्यंत गंभीर मानतो. विकासाचे नाव निघाले की त्याच्या छातीत धस्स होते, यात त्याचा दोष नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी जाऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांस किती झगडावे लागले, हे या भागात सर्वश्रुत आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात पसरून भात कुजते, ही तक्रारही जुनीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण तर अजून ताजी आहे. अशा शेतकऱ्याने उद्या ‘नदीकाठी वाट करणार’ असे ऐकले, तर आधी जमीन जाईल आणि मग बांधामुळे पाणी तुंबेल, हीच भीती त्याच्या मनात येणार. ही भीती दूर केल्यावाचून एक कुदळही चालता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नदीकाठ सुधारण्याचे दोन मार्ग आपल्यासमोर आहेत. अहमदाबादेत साबरमतीला दोन्ही बाजूंनी भिंती घालून २६३ मीटरांच्या सारख्या रुंदीत बसविले. २०१२ पासून तेथे लोक फिरू लागले खरे. पण नदीचा कालवा झाला आणि त्यात पाणी आणावे लागले ते नर्मदेचे. दुसरे उदाहरण आपल्या मराठी माणसांच्या जिव्हाळ्याच्या बडोद्याचे. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली सयाजीबाग उभी राहिली. झाडी आणि माती राखूनही लोकांना नदीजवळ आणता येते, हे तिने दाखविले. पुढे शहर नदीच्या पात्रालगत दाटत गेले, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, मगरीही रस्त्यांवर आल्या. नदीस पसरावयास जागा ठेवली नाही तर ती आपली जागा स्वतः घेते, हा त्यातील धडा आहे.

म्हणून आम्हांस हवी ती वाट भिंतीची नव्हे, काँक्रीटची नव्हे, भराव घालून उंच केलेलीही नव्हे. शेताच्या पातळीवर असलेली, मुरमाची, जागोजागी मोऱ्या ठेवलेली साधी वाट पुरे. पावसाळ्यात चार दिवस ती पाण्याखाली गेली तर जाऊ द्यावी. वाहून गेलेला मुरूम पुन्हा टाकता येतो, कुजलेले भात पुन्हा उभे राहत नाही. गावनकाशावरील जुन्या पाणंदी व गाडीवाटा आधी मोकळ्या कराव्यात. जेथे खासगी जमीन लागेल तेथे मालकाच्या संमतीखेरीज वीतभरही घेऊ नये. बैलजोडी, ऊसाची गाडी व पंपाची वाट यांना या मार्गावर पहिला मान असावा. नदीत सोडले जाणारे सांडपाणी अडविल्याशिवाय मात्र ही वाट नावापुरतीच राहील; दुर्गंधीच्या काठाने कोण चालणार?

पहिला टप्पा कंग्राळी ते काकती एवढाच घ्यावा, एक पावसाळा त्याची परीक्षा पाहावी आणि मग पुढे जावे. रस्ते, मोऱ्या, पूल व जलमार्ग हे विषय १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपविण्यासाठी नमूद केलेले आहेत. तेव्हा याची सुरुवात शहरातील कचेरीत न होता ग्रामसभेत व्हावी, हेच उचित. काठच्या गावांनी आपल्या अटी घालून ठराव करावेत. शहरातील नागरिकांनी, विशेषतः शिक्षकांनी व तरुण मंडळांनी, त्या अटींसह त्या ठरावांच्या पाठीशी उभे राहावे. शेतकऱ्यास डावलून शहराने मागितलेली वाट आम्हांस नको. तो आणि आपण एकाच वाटेने चालणार असू, तरच मार्कंडेयेचा काठ खऱ्या अर्थाने मोकळा झाला असे म्हणता येईल.