विश्लेषण : जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलावे?
गेम अडखळू लागला की पहिला खर्च ग्राफिक्स कार्डवर होतो आणि अनेकदा तो वाया जातो. आधी दोष कुठे आहे ते तपासावे. गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. वेग वाढला, तर ग्राफिक्स कार्ड अपुरे पडते आहे. जैसे थे राहिला, तर बहुधा प्रोसेसर. २०१७ च्या अनेक एएम४ मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. मदरबोर्ड आणि रॅम बदलावी लागत नाही. नवे कार्ड घ्यायचेच असेल, तर पॉवर सप्लायची क्षमता आणि कॅबिनेटमधली जागा आधी पाहावी. निकृष्ट पॉवर सप्लाय बिघडला, तर सोबतचे महागडे भागही निकामी करू शकतो. काटकसर तिथे नको. ती अनावश्यक खरेदीत करावी.