घरकुलाची सळई घेताना



रमाई आवास योजनेचे घरकुल मंजूर झाले की आपली माणसे सिमेंट-सळईच्या दुकानात जातात आणि फक्त भाव विचारतात. सळई बनते कशी, हे आम्हाला यासाठीच सांगावेसे वाटते.

आपल्या बीडशेजारी जालन्यात सळईचे मोठे कारखाने आहेत. तिथे मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न वितळवतात. भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते. त्यातून वीज सोडली की आतले लोखंड तापून सुमारे १६०० अंशांवर पातळ होते.

पण वितळणे म्हणजे शुद्ध होणे नव्हे. भिलाईसारख्या मोठ्या कारखान्यात खनिजापासून लोखंड काढतात. त्यात कार्बन सुमारे ४ टक्के असतो. मग वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकून तो जाळतात, आणि चुना टाकून फॉस्फरस मळीत ओढून घेतात. इंग्लंडमध्ये बेसेमरने १८५६ साली हवा फुंकण्याची अशी रीत जाहीर केली होती. विजेच्या वेटोळ्याच्या भट्टीत ही सफाई फारच थोडी होते. भंगारात जे वाईट, ते बरेचसे सळईत उतरते. म्हणून चांगला कारखानदार भंगार निवडून घेतो आणि वितळलेला रस दुसऱ्या भट्टीत पुन्हा साफ करतो.

फॉस्फरस जास्त झाला की सळई ठिसूळ होते. वाकवताना तडकते, धक्क्याला तुटते. किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप आपण विसरलेलो नाही. तिथे दगड-मातीच्या भिंतींनी माणसे गाडली. आता आपण स्लॅबची घरे बांधतो, तर धक्क्यात सळई वाकावी, पण तुटू नये.

यासाठी आय.एस. १७८६ हे सरकारी मानक आहे. 'एफ-ई ५००' सळईत गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, तर '५०० डी' मध्ये ०.०४० पर्यंतच. 'डी' ची सळई जास्त ताण खाते.

तेव्हा दुकानात तीन गोष्टी करा. सळईवरचा आयएसआय मार्क आणि ग्रेड स्वतः वाचा. कारखान्याच्या तपासणी दाखल्याची प्रत मागा. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई काट्यावर ठेवा. वजन साधारण १०.७ किलो भरले पाहिजे. बरेच कमी भरले तर ती घेऊ नका.

आणि पक्के बिल घ्या. त्यावर ग्रेड आणि वजन लिहिलेले असू द्या. स्लॅब पडल्यावर आतली सळई कोणाला दिसत नाही, तक्रार करायला हातात तो कागदच असतो.